खोक्यावरचे वॅट आणि मोटारीतला आवाज

मोटारीच्या ध्वनिसाहित्याच्या दुकानात शिरलेल्या ग्राहकाच्या नजरेत सर्वप्रथम भरतात ते आकडे. कुठे ‘१२०० वॅट’, कुठे ‘२००० वॅट’, तर कुठे त्याहूनही मोठी संख्या चकचकीत खोक्यांवर ठळक अक्षरांत छापलेली असते. घरातला मिक्सर साधारण ५०० ते ७५० वॅटचा आणि इस्त्री हजार वॅटची, हे ठाऊक असलेल्या गृहस्थाला वहीएवढ्या डब्यातून दोन हजार वॅट कसे निघतात, असा प्रश्न खरे तर पडायला हवा. मोटारीतील विजेचा दाब इंजिन चालू असताना सुमारे १४ व्होल्ट. त्या दाबावर दोन हजार वॅट मिळवायचे तर दीडशे अँपिअरच्या आसपास प्रवाह हवा, आणि काही शक्ती उष्णतेत वाया जाणार हे धरले तर त्याहूनही अधिक. लहान मोटारींचा अल्टरनेटर साधारणतः ६० ते ९० अँपिअरचा असतो आणि त्यावर दिवे, वायपर, पंखा, इंजिनाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हा सारा संसार चालतो. म्हणजे खोक्यावरचा आकडा त्या मोटारीत कधीच खरा होणार नसतो. तरीही खरेदी त्याच आकड्यावर ठरते आणि ज्यावर ध्वनीची प्रत व मोटारीची सुरक्षितता अवलंबून असते, त्या तार, फ्यूज आणि जोडणी या गोष्टी ‘फिटर पाहून घेईल’ म्हणून सोडून दिल्या जातात.

मुळात वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरची गरज का भासते, हे आधी पाहायला हवे. डॅशबोर्डमधल्या स्टिरिओत एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतोच. त्यावर बहुधा ‘५० वॅट गुणिले ४’ असे लिहिलेले असते. हा आकडा येतो कुठून, याचे गणित मनोरंजक आहे. स्पीकरचा रोध ४ ओहम आणि विजेचा दाब १४.४ व्होल्ट धरला, तर दाबाच्या वर्गाला रोधाने भागून जवळपास ५२ वॅट येतात. पण हे कधी? ध्वनिलहरीची शिखरे पूर्णपणे छाटली जाऊन तिचा चौकोन झाला तर! संगीताची लहर गोलाईने चढते आणि उतरते. अशा शुद्ध लहरीसाठी तेच गणित मांडले, तर उत्तर बरोबर निम्मे, म्हणजे २६ वॅट येते. आणि अंतर्गत घट वजा जाता प्रत्यक्षात १५ ते २० वॅटच हाती लागतात. म्हणजे स्टिरिओवर छापलेले ५० वॅट हे निखालस खोटे नसले, तरी ते ऐकण्याजोगे नसतात.

१४ व्होल्टची ही मर्यादा ओलांडायची तर आधी दाब वाढवला पाहिजे. वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरचे मर्म नेमके यातच आहे. त्याच्या डब्यात ध्वनिवर्धनाच्या मंडलाआधी एक वीजपुरवठा असतो. तो बॅटरीकडून आलेला एकदिश प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून नेतो आणि दोन्ही बाजूंना पंचवीस-तीस व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब निर्माण करतो. कल्पना नवी नाही. १९३० च्या दशकातील व्हॉल्व्हच्या मोटार-रेडिओतही ‘व्हायब्रेटर’ नावाची थरथरणारी कळ हेच काम करीत असे. आता तिची जागा ट्रान्झिस्टरांनी घेतली आहे, एवढेच.

निवड करताना पाहायचा आकडा

खोक्याच्या दर्शनी बाजूवरचा ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ हा आकडा पाहूच नये, असे म्हटले तरी चालेल. माहितीपत्रकात आतल्या पानावर ‘आरएमएस’ असा जो आकडा असतो, तो खरा. त्यातही तो किती व्होल्टवर, किती ओहमवर आणि किती विकृतीसह मोजला, हे दिलेले असावे. अमेरिकेतील ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने २००३ मध्ये यासाठी ‘सीईए-२००६’ हे मानक प्रसिद्ध केले. १४.४ व्होल्ट दाब, ४ ओहमचा भार आणि एक टक्क्याहून अधिक नसलेली विकृती, अशा अटींवर सर्वांनी मोजमाप करावे, म्हणजे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करता येईल, हा त्यामागचा हेतू. मानक ऐच्छिक आहे. त्यामुळे ज्या खोक्यावर त्याचा उल्लेख आहे, तेथे निदान काही तरी लपवलेले नाही असे मानायला जागा असते.

मग किती वॅट पुरेत? आवाजाच्या जाणिवेचे गणित येथे ग्राहकाच्या खिशाच्या बाजूने उभे राहते. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो अवघा ३ डेसिबल, म्हणजे कानाला कळेल न कळेल एवढाच. आवाज ‘दुप्पट’ झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, ५० ऐवजी ६० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेण्यासाठी जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. दुसरी, स्पीकरची संवेदनक्षमता पाहावी. एका वॅटमागे ९० डेसिबल देणारा स्पीकर ८७ डेसिबलवाल्याच्या तुलनेत निम्म्या शक्तीत तेवढाच आवाज देतो. दारांमधील साडेसहा इंची स्पीकरांसाठी प्रत्येकी ५० ते ७५ आरएमएस वॅट हे प्रमाण शहरी वापराला सहज पुरते. स्पीकरवरही आरएमएस आकडा छापलेला असतो. अ‍ॅम्प्लिफायरचा आकडा त्याच्या आसपास, थोडा वर असला तरी हरकत नाही.

‘छोट्या अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकर जळतो’ हे विधान दुकानांतून नेहमी ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. कमी शक्तीने स्पीकर जळत नाही. पण कमी शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर मालक ताणतो, लहरींची शिखरे छाटली जातात आणि वर पाहिल्याप्रमाणे चौकोनी झालेली लहर शुद्ध लहरीच्या दुप्पट शक्ती वाहून नेते. शिवाय या छाटणीतून मुळात नसलेले उच्च स्वर तयार होतात आणि त्यांचा भार पडतो तो बिचाऱ्या नाजूक ट्वीटरवर. दुरुस्तीला येणाऱ्या संचांत आधी ट्वीटर गेलेला दिसतो तो त्यामुळे.

चॅनेलांच्या बाबतीत फार विचार करण्याचे कारण नाही. चार दरवाजांत चार स्पीकर असतील तर चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. पुढे-मागे सबवूफर बसवण्याचा विचार असेल तर त्याच चार चॅनेलांपैकी मागचे दोन एकत्र जोडून, म्हणजे ‘ब्रिज’ करून, सबवूफरला देता येतात आणि मागचे स्पीकर स्टिरिओवरच ठेवता येतात. मात्र ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला स्पीकरचा निम्माच रोध दिसतो, हे विसरून चालत नाही. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात. ते ब्रिज केलेल्या चॅनेलांना जोडले तर प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला एकच ओहम येतो. बहुतेक अ‍ॅम्प्लिफायर ब्रिज अवस्थेत ४ ओहमखाली चालण्यासाठी बनवलेले नसतात. ते तापतात आणि बंद पडतात. नशीब चांगले असेल तर तात्पुरते.

राहिला प्रश्न वर्गाचा. ‘एबी’ वर्गाचे अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेपैकी साधारण निम्मी ते साठ टक्के शक्ती स्पीकरला देतात, बाकीची उष्णता होते. ‘डी’ वर्गाचे ८० टक्के किंवा त्याहून अधिक देतात. एके काळी डी वर्ग केवळ सबवूफरला योग्य मानला जाई. आता तसे राहिलेले नाही. उन्हाळ्यात उन्हात उभ्या राहणाऱ्या आणि लहान अल्टरनेटर असलेल्या मोटारीसाठी डी वर्ग हीच सरळ निवड ठरते.

तार, फ्यूज आणि पत्रा

आता ज्या कामाला सर्वांत कमी वेळ दिला जातो आणि ज्यातून सर्वांत मोठे नुकसान संभवते, त्याकडे वळू. प्रत्येकी ५० वॅटच्या चार चॅनेलांचा एबी वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर धरला, तर पूर्ण जोरात तो बॅटरीकडून सुमारे २६ अँपिअर ओढेल. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर तार लागते. ही तार २.५ चौरस मिलिमीटरची वापरली, तर एकट्या तारेतच सुमारे ०.९ व्होल्ट हरवतात आणि ते उष्णतेच्या रूपाने गालिच्याखाली प्रकट होतात. तीच तार आठ चौरस मिलिमीटरची असेल, तर हानी पाव व्होल्टच्या थोडीशी वर राहते. विदेशी संचांवर या जाडीला ‘८ गेज’ म्हणतात. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड, हे लक्षात ठेवावे; ४ गेजची तार सुमारे २१ चौरस मिलिमीटरची असते.

बाजारात ‘अ‍ॅम्प्लिफायर किट’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त संचांतील तार पुष्कळदा तांब्याची नसते. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची असते. अ‍ॅल्युमिनिअमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. त्यातून वरचे आवरण जाड ठेवून आतली तार बारीक करण्याची युक्तीही सर्रास दिसते. ब्लेडने एक धागा खरवडून पाहिला की आतला पांढरेपणा उघडा पडतो. अशी तार घ्यायचीच झाली तर एक माप जाड घ्यावी.

मोटारीची बॅटरी ही इंजिन सुरू करण्यासाठी क्षणात शेकडो अँपिअर देण्याच्या दृष्टीने बनवलेली असते. तिच्या धन टोकापासून निघालेली तार इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या छिद्रातून आत येते. त्या छिद्राला रबरी बूच नसेल, तर खड्ड्यांच्या रस्त्यांवरील रोजच्या हादऱ्यांनी तारेचे आवरण पत्र्याच्या कडेवर घासत राहते. ते ज्या दिवशी फाटेल, त्या दिवशी बॅटरीचा सारा प्रवाह त्या एका बिंदूतून पत्र्यात उतरेल. तारेत फ्यूज नसेल तर ती लालबुंद होऊन आवरणासह पेट घेते. आणि हे घडते ते चालकाच्या पायांपाशी. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीपासून फार तर ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यावर फ्यूज असतातच, मग दुसरा कशाला, असा युक्तिवाद काही फिटर करतात. डब्यावरचा फ्यूज डब्यासाठी असतो. मधल्या पाच मीटर तारेला त्याचा काडीचाही उपयोग नाही. मुख्य फ्यूजचा आकडाही तारेच्या क्षमतेवरून ठरवायचा. आठ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला ४० अँपिअरचा फ्यूज योग्य. तो वारंवार उडत असेल तर दोष शोधावा. ८० चा बसवून गप्प बसवू नये.

ऋण बाजूची तार लांबवर नेण्याची गरज नसते. अ‍ॅम्प्लिफायरजवळच मोटारीच्या पत्र्याला ती जोडतात. पण ‘पत्र्याला’ म्हणजे रंगाला नव्हे. पॉलिश पेपरने रंग आणि प्रायमर पूर्ण काढून, चकाकणाऱ्या धातूवर थिंबल ठेवून बोल्ट आवळायचा आणि नंतर गंज चढू नये म्हणून वरून रंग किंवा ग्रीस द्यायचे. आसनपट्ट्याचा बोल्ट यासाठी वापरू नये. तार धन तारेइतकीच जाड आणि शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत असावी. अलीकडच्या अनेक मोटारींत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा छोटा संवेदक असतो. अर्थिंग थेट त्या टोकावर बांधले, तर मोटारीच्या संगणकाला अ‍ॅम्प्लिफायरने घेतलेली वीज दिसतच नाही आणि बॅटरी किती भरलेली आहे याचा त्याचा हिशेब चुकतो. पत्र्याला जोडण्यात हाही फायदा आहे.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी ‘ईऽऽऽ’ अशी शीळ स्पीकरमधून ऐकू येते, ही तक्रार सर्वपरिचित आहे. ती अल्टरनेटरची असते आणि तिचे मूळ बहुतेक वेळा कच्च्या अर्थिंगमध्ये असते. स्टिरिओचे आणि अ‍ॅम्प्लिफायरचे अर्थिंग यांच्या पातळीत थोडाही फरक पडला की तो आरसीए केबलमधून आवाजात उतरतो. केबल बदलण्याआधी, ‘नॉइज फिल्टर’ विकत घेण्याआधी, तो एक बोल्ट सोडवून पुन्हा नीट बसवून पाहावा. विजेची तार मोटारीच्या एका बाजूने आणि आरसीए केबल दुसऱ्या बाजूने न्यावी, हा नियम जुनाच आहे. स्टिरिओपासून येणारी ‘रिमोट’ची बारीक निळी-पांढरी तार अ‍ॅम्प्लिफायर चालू-बंद करते. ती सतत चालू असणाऱ्या तारेला जोडली, तर दोन दिवस उभी राहिलेली मोटार तिसऱ्या दिवशी सुरू होत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर ठेवायचा कुठे? समोरच्या आसनाखाली बसणारे छोटे डबे सोयीचे असतात, तारही कमी लागते. पण २६ जुलै २००५ पाहिलेल्या मुंबईत मोटारीच्या तळावर पाणी येऊ शकते, हे वेगळे सांगायला नको. आसनाखाली बसवायचा तर तळापासून उंचावर, पट्टीवर बसवावा. डिकीत मागच्या आसनाच्या पाठीला तो उभा बसवणे अधिक निर्धोक. सबवूफरच्या पेटीवर स्क्रूने ठोकणे मात्र टाळावे, कारण पेटी थरथरते आणि जोडण्या सैल होतात.

‘गेन’ हे आवाजाचे बटण नव्हे

अ‍ॅम्प्लिफायरवरील ‘गेन’ किंवा ‘लेव्हल’ असे लिहिलेली चकती पूर्ण उजवीकडे फिरवली की जास्त शक्ती मिळते, हा समज बहुधा सर्वांत खर्चिक आहे. स्टिरिओमधून येणारा संकेत कुठे २ व्होल्टचा असतो, कुठे ४ व्होल्टचा. किती व्होल्ट आल्यावर अ‍ॅम्प्लिफायरने आपली पूर्ण शक्ती द्यायची, एवढेच ही चकती ठरवते. ती वर नेली तर शक्ती वाढत नाही. शिखर लवकर गाठले जाते आणि स्टिरिओवरचा आवाज अर्ध्यावर असतानाच छाटणी सुरू होते. त्यासोबत ‘सूंऽऽ’ अशी सरसरही वाढते.

ती योग्य जागी ठेवण्यासाठी फार मोठी उपकरणे लागत नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळणारा साधा मल्टिमीटर पुरतो. आधी अपेक्षित व्होल्ट काढायचे. त्यासाठी वॅट आणि ओहम यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यायचे. ५० वॅट आणि ४ ओहम यांचा गुणाकार २००, त्याचे वर्गमूळ १४.१, ७५ वॅटसाठी हेच उत्तर १७.३ येते. नंतर अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरच्या तारा सोडवायच्या, चकती पूर्ण डावीकडे आणायची, बास-ट्रेबल आणि ‘लाऊडनेस’ शून्यावर ठेवायचे आणि अ‍ॅम्प्लिफायरवरचे फिल्टरही बंद करायचे. स्टिरिओवर शून्य डेसिबल पातळीचा चाचणीस्वर लावून आवाज तीन-चतुर्थांशावर न्यायचा. मीटर ‘एसी’ व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टोकांवर धरायचा आणि आकडा येईपर्यंत चकती सावकाश वर न्यायची. आकडा आला की थांबायचे. चाचणीस्वर १००० हर्ट्झचा घ्यावा असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. पण स्वस्त मीटर घरगुती विजेच्या ५० हर्ट्झसाठी बनवलेले असतात आणि त्याहून फार उंच स्वरांवर चुकीचे आकडे दाखवतात. ५० ते १०० हर्ट्झचा स्वर त्यांना मानवतो. हे काम इंजिन चालू ठेवून करावे, कारण बॅटरी एकटी १२ व्होल्टच्या आसपासच देते. आणि इंजिन चालू म्हणजे मोटार उघड्यावर. तळघरातील बंद वाहनतळात हा प्रयोग करणे विषारी वायूमुळे जिवावर बेतू शकते.

मीटरला एक गोष्ट दिसत नाही. स्टिरिओ स्वतःच आवाज पूर्ण वाढवल्यावर लहर छाटत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर ती छाटलेली लहर इमानदारीने मोठी करतो. म्हणून ज्या बिंदूवर मांडणी केली, त्याच्या पुढे स्टिरिओचे बटण न नेण्याची शिस्त घरातल्या सर्वांनी पाळायला हवी. तरुण मंडळींच्या बाबतीत हे कितपत शक्य आहे, हा वेगळा प्रश्न!

यानंतर फिल्टर. दारांतील छोट्या स्पीकरांना खर्जाचे ओझे पेलत नाही. त्यांच्यासाठी ‘हाय पास’ सुमारे ८० हर्ट्झवर ठेवला की तेच स्पीकर अधिक मोकळे वाजतात; सबवूफर असेल तर त्याचा ‘लो पास’ही तिथेच. पुढचे बारीक फेरफार कानानेच करावे लागतात. ओळखीचे तबल्याचे ध्वनिमुद्रण यासाठी उत्तम. डग्ग्याचा घुमार चाटेच्या टणत्कारावर स्वार होऊ लागला की खर्ज जास्त झाला असे समजावे.

नव्या मोटारींत एक निराळी अडचण असते. डॅशबोर्डवरचा पडदा वातानुकूलन, मागचा कॅमेरा अशा दहा गोष्टींना जोडलेला असल्याने स्टिरिओ बदलता येत नाही आणि त्याला आरसीए जोडण्याही नसतात. अशा वेळी स्पीकरच्या तारांमधूनच संकेत घेणारी, ‘हाय लेव्हल इनपुट’ची सोय असलेला अ‍ॅम्प्लिफायर निवडावा. तारा कापण्याऐवजी त्या मोटारीसाठी मिळणारा कपलर वापरला, तर वॉरंटीच्या वेळी वाद होत नाही. काही कारखानी संच आवाज वाढवला की आपण होऊन खर्ज कमी करतात. तेथे डीएसपी असलेला अ‍ॅम्प्लिफायर ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि अ‍ॅम्प्लिफायर तिलाच जोडायचा असतो. नारिंगी आवरणाच्या तारा उच्च दाबाच्या असतात. त्यांच्या आसपास छिद्र पाडणे तर सोडाच, हातही लावू नये.

काम पूर्ण झाल्यावर पैसे देण्यापूर्वी संच अर्धा तास नेहमीच्या जोरात वाजवावा आणि मग फ्यूजची पेटी, मुख्य तार आणि अर्थिंगचा बोल्ट यांना हात लावून पाहावा. अ‍ॅम्प्लिफायरचा डबा गरम असणारच. तार किंवा बोल्ट गरम लागला, तर तार बारीक आहे किंवा जोड सैल आहे, आणि तो फिटरकडून तिथल्या तिथे पुन्हा करून घ्यावा.